शाळेत सोशल मीडिया शिकवावा का? शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

एका वाक्यात सांगा: वेगळा विषय करावा की नाही?

वेगळा विषय नको, पण वेळापत्रकात ठरलेल्या तासिका हव्यात.

आपल्याकडे नवा विषय आला की त्याचं काय होतं, हे कोणत्याही शिक्षकखोलीत विचारून बघा. नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षणाची प्रकल्पवही आहे. हेतू चांगलाच होता. पण श्रेणी विषय, म्हणजे गुणांऐवजी फक्त श्रेणी मिळणारा विषय, म्हटला की त्याची तासिका पहिल्यांदा गणिताला जाते, मग इंग्रजीला, आणि जानेवारीत मुलं एकमेकांच्या वह्या उतरवून काढतात. सोशल मीडियाचं पुस्तक काढलं तर त्याचीही हीच गत होईल. वर आणखी एक अडचण म्हणजे पुस्तक लिहून, छापून वर्गात येईपर्यंत ॲपचे पडदे बदललेले असतात. ‘तीन रेषांवर टॅप करा, मग सेटिंग्ज’ असं छापलं आणि वर्षभराने त्या तीन रेषाच गायब झाल्या, तर मुलं पुस्तकाला हसतील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

टिकतात ती कौशल्यं: माहिती कुठून आली ते शोधणं, ॲप आपल्याला काय दाखवतं आणि का ते ओळखणं, अडचणीत सापडल्यावर कोणाकडे जायचं ते माहीत असणं. त्यांना पुस्तक लागत नाही, सराव लागतो.

मग सायबर पोलिसांचं एक व्याख्यान ठेवलं तर पुरेल ना?

नाही. व्याख्यान जरूर ठेवा, मुलांना पोलिसांची भीती कमी वाटायला लागते. पण एका तासाने सवय बदलत नाही.

याचा चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. बिहारमध्ये मोठ्या माणसांना तासभर खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. नंतर तपासलं तर ते शिकलेले आणि न शिकलेले यांत मोजण्याजोगा फरकच दिसला नाही. त्यानंतर त्याच राज्यात ५८३ गावांतल्या सुमारे १३,५०० किशोरवयीन मुलांसोबत वेगळा प्रयोग झाला. दीड-दीड तासाची चार सत्रं, तीही साधारण १४ आठवड्यांत पसरलेली. या मुलांना खरं-खोटं वेगळं करणं जास्त जमू लागलं, काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तरी ते टिकलेलं होतं, आणि घरातल्या आईवडिलांपर्यंतही काही प्रमाणात पोचलं होतं.

चार सत्रं म्हणजे ३६० मिनिटं, आपल्या ४० मिनिटांच्या हिशेबात नऊ तासिका. त्यात खाजगीपणा, छळ आणि फसवणूक यांची भर घातली तर १६ तासिका होतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान १००० तास अध्यापन अपेक्षित आहे. १६ तासिका म्हणजे त्यातले पावणेअकराहून थोडे कमी तास. ‘वेळ कुठून आणायचा’ हा आक्षेप तेवढ्यासाठी टिकत नाही.

कोणत्या इयत्तेपासून?

सातवी. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप वगैरेंची स्वतःची वयोमर्यादा १३ आहे, म्हणजे कागदोपत्री सातवी-आठवी. प्रत्यक्षात मूल त्याआधीच आईच्या फोनवर असतं. भाषा सौम्य ठेवून सहावीत सुरू केलं तरी चालेल. नववीला कायद्याचा भाग घ्या. दहावीला हात लावू नका, कोणी ऐकणार नाही.

ग्रामीण भागात हे लागणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाचे २०२४ चे आकडे पुरेसे आहेत. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. आणि या सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी प्रोफाइल खाजगी कसं करायचं हे फक्त ५५ टक्क्यांच्या आसपास मुलांना माहीत होतं. गाडी चालवायला येते, ब्रेक कुठे आहे ते निम्म्यांनाच ठाऊक, असा हा प्रकार.

१६ तासिकांत नेमकं काय घ्यायचं?

सहा तासिका माहिती तपासण्याला, तीन ‘ॲप मला हेच का दाखवतं’ याला, तीन खातं सुरक्षित ठेवण्याला, तीन छळ, धमकी आणि कायद्याला, एक चाचणीला. माहितीचा वाटा मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण तिथे सराव जास्त लागतो.

खात्याच्या तासिकांत एकेका गोष्टीवर थांबा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी टू-स्टेप पिन, ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ ही सेटिंग, इन्स्टाग्रामचं खाजगी खातं. आणि खाजगी खात्यातली पोस्टही स्क्रीनशॉट काढून बाहेर जाते, हे तर फळ्यावर लिहूनच ठेवा. पासवर्ड मैत्रिणीला सांगणं हे या वयात मैत्रीचं प्रमाणपत्र असतं. ‘सांगू नका’ म्हणून ते थांबत नाही. ‘मैत्री तुटली की पहिलं काय करायचं’ असं विचारा, पासवर्ड बदलायचं उत्तर मुलंच देतात.

माहिती तपासण्याची एक तासिका प्रत्यक्ष कशी दिसते?

पावसाळ्यातला दर वर्षीचा फॉरवर्ड घ्या: ‘रेड अलर्टमुळे उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश’. मुलांना यापेक्षा जिव्हाळ्याचा विषय नाही.

४० मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाचांचे आठ गट करा. प्रत्येक गटाला तीन कागद द्या: एक खरा आदेश, एक मागच्या वर्षीचा आणि एक बनवलेला. सगळं मिळून २४ झेरॉक्स. पहिली पाच मिनिटं फक्त अंदाज लिहायचा, चर्चा नाही. हा अंदाज नंतर कामाला येतो.

मग तपासणी. आधी तारीख आणि वार. कागदावर ‘मंगळवार, १५ जुलै’ असेल तर कालनिर्णय काढा. १५ जुलैला मंगळवार २०२५ साली होता, २०२६ साली त्या दिवशी बुधवार येतो. म्हणजे २०२६ मध्ये फिरणारा हा कागद शिळा. तारखेची ओळच कापलेली असेल तर ती का कापली, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. त्यानंतर जिल्ह्याचं नाव, जावक क्रमांक, सही कोणाची, कोणत्या कायद्याचा आधार दिला आहे.

इथपर्यंत मुलांना वाटतं की जमलं. आता खरा धडा. लेटरहेड, गोल शिक्का आणि सही या तिन्ही गोष्टी मोबाइलवर पाच मिनिटांत चिकटवता येतात. कागद निरखत बसून तो खरा की खोटा हे ठरत नाही, त्यासाठी कागद बाजूला ठेवून बाहेर जावं लागतं: जिल्हाधिकाऱ्यांचं अधिकृत खातं, जिल्हा माहिती कार्यालय, मुख्याध्यापक. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली होती. तपासनीस जिंकले ते यामुळेच. बाकीचे समोरचं पान वाचत राहिले, तपासनिसांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडून इतर लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहिलं.

शेवटची पाच मिनिटं सुरुवातीचे अंदाज वाचून दाखवा. सर्वांत जास्त ‘खरा’ ठरलेला कागद बहुधा सर्वांत ठळक शिक्क्याचा निघतो.

एक सूचना. बनवलेल्या कागदावर आडवं ‘नमुना’ लिहा आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. नाहीतर दुसऱ्या दिवशी खरंच शाळा रिकामी दिसेल.

फोटो आणि व्हिडिओ कसे तपासायला शिकवायचे?

फोटोवर बोट दाबून धरा आणि गूगल लेन्सने शोधा. जुन्यात जुनी जागा सापडेपर्यंत खाली जा. व्हिडिओ असेल तर एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा.

इथे हमखास चुकतं ते असं. मुलं चेहऱ्याचं दृश्य निवडतात. निवडायचं असतं ते दुकानाची पाटी, गाडीचा नंबर किंवा बसचा रंग दिसणारं. खाली-वर चिकटवलेली मजकुराची पट्टी कापल्याशिवाय शोधलं तर लेन्स त्या मजकुरालाच जुळणारं काहीतरी आणून देतं. आणि शोधात काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, हा निष्कर्ष तर सर्रास काढला जातो. सापडलं नाही म्हणजे एवढंच की अजून कळलेलं नाही.

नववीच्या वर्गात इथे राईनपाडा सांगावं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ फिरत होता. मूळचा तो कराचीतला जनजागृतीपट. शेवटी मूल परत आणून देण्याचं दृश्य आणि संदेश होता, तेवढाच भाग कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. दुहेरी बाणाची खूणही मुलांना दाखवा. ती खूण असलेला निरोप अनेक हातांतून आलेला असतो आणि पुढे एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मात्र मजकूर कॉपी करून पेस्ट केला की ही खूण उरत नाही. बाण नाही म्हणजे काकांनी स्वतः लिहिलं, असं नसतं.

या घटनेची छायाचित्रं किंवा व्हिडिओ वर्गात दाखवू नका. सांगणं पुरतं.

सगळंच खोटं असतं, असं मुलांना वाटायला लागलं तर?

लागतंच, आणि हे शिकवण्यातलं सर्वांत मोठं अपयश तेच आहे. शिक्षक उत्साहाने एकामागून एक दहा खोट्या बातम्या दाखवतात. मुलांना ‘खोटं म्हण, बरोबर येतं’ एवढंच कळतं. पुढे खऱ्या लसीकरणाच्या निरोपालाही तीच मुलं ‘फेक आहे’ म्हणतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक तासिकेत खरी आणि खोटी उदाहरणं निम्मी-निम्मी ठेवा, आणि खरं ओळखल्याचंही कौतुक करा.

दुसरी चूक राजकीय उदाहरणांची. पहिल्याच तासिकेला एखाद्या पक्षाचा फॉरवर्ड घेतला की वर्ग दोन गटांत वाटला जातो आणि संध्याकाळी पालकांचे फोन येतात. सुट्टी, आरोग्य, बक्षिसाच्या लिंका, परीक्षेचं ‘फुटलेलं’ वेळापत्रक यांवर हात बसू द्या. मग राजकारण घ्या, पण दोन्हीकडचं.

‘ॲप मला हेच का दाखवतं’ हे फोनशिवाय शिकवता येतं?

फोनपेक्षा चांगलं येतं. ४० चिठ्ठ्या करा: क्रिकेट, नाच, गाड्या, पदार्थ, भुताच्या गोष्टी, प्रत्येकी आठ. एक मुलगी ‘बघणारी’, एक मुलगा ‘ॲप’. बघणारीला वर्गाबाहेर पाठवून ॲपला नियम सांगा: तिने चिठ्ठी तीन अंक मोजेपर्यंत हातात ठेवली तर पुढच्या दोन चिठ्ठ्या त्याच विषयाच्या द्यायच्या, लगेच टाकली तर विषय बदलायचा. तिला एवढंच सांगा की आवडेल तितका वेळ वाच.

पंधरा-वीस चिठ्ठ्यांत तिच्या हातात जवळजवळ एकाच विषयाचा गठ्ठा जमतो. मग तिला विचारा, ‘तू भुताच्या गोष्टी मागितल्या होत्यास का?’ तिने काहीच मागितलेलं नसतं, फक्त थांबलेली असते. लाइक न करताही ॲपला आपण कळतो, हे वर्गाला डोळ्यांसमोर दिसतं. नियम तिला आधीच कळला तर ती मुद्दाम भराभर टाकते आणि खेळ फसतो, म्हणून बाहेर पाठवणं विसरू नका.

हे शिकवायचं कोणी? आमच्याकडे संगणक शिक्षक नाहीत.

संगणक शिक्षक नसले तरी अडत नाही. हे मुळात भाषेचं आणि समाजशास्त्राचं काम आहे. मराठीच्या उपयोजित लेखनात बातमी लेखन आहेच. स्थळ, दिनांक आणि बातमीदार नसलेली बातमी गुण गमावते, मग तोच निकष फॉरवर्डला लावा. जाहिरात लेखनाला जोडून इन्फ्लुएन्सरच्या ‘पेड पार्टनरशिप’ पट्टीवर बोला. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांच्या पाठात जर्मनीतल्या ‘स्टर्न’ने छापलेल्या हिटलरच्या बनावट डायऱ्यांचं उदाहरण आहे. ते प्रकरण १९८३ चं, म्हणजे फसवणूक मोबाइलने जन्माला घातलेली नाही हेही त्यातून कळतं.

राज्यशास्त्राला पालघरचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ती पोस्ट लाइक केल्याबद्दल दुसरीला अटक झाली. त्यानंतर ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ‘सोशल मीडिया वाईट’ एवढंच शिकवणाऱ्यांनी हा तास जरूर घ्यावा. बोलण्याचा हक्क हाही याच विषयाचा भाग आहे.

फक्त एक करा: वर्षाच्या आराखड्यात प्रत्येक तासिकेपुढे एका शिक्षकाचं नाव लिहा. ‘सर्व विषयांतून एकात्मिक पद्धतीने’ असं लिहिलं की ते कोणाचंच काम राहत नाही.

परीक्षा आणि गुण?

लेखी पेपर नको. ‘सोशल मीडियाचे फायदे-तोटे लिहा’ हा प्रश्न विचारला की दहा ओळींची गाईड तयार होते. पहिल्या आणि शेवटच्या तासिकेला दहा निरोप द्या, पाच खरे आणि पाच खोटे, दोन्ही वेळा वेगळे. डोळे झाकून सगळ्यांना खोटं म्हणणाऱ्याला पाचच गुण पडतात. दोन चाचण्यांतला फरक हा शिक्षकाच्या कामाचा निकाल समजावा, मुलाच्या प्रगतिपत्रकात तो घालू नये.

त्यापेक्षा १६ वर्षांपर्यंत बंदीच का नको?

ऑस्ट्रेलियाने ते केलंय. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ खालच्या मुलांची खाती ठेवण्याला बंदी आहे आणि जबाबदारी कंपन्यांवर आहे, मुलांवर नाही. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालची व्यक्ती बालक धरली आहे. तिची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते आणि तिच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

बंदी आली तरी सोळाव्या वाढदिवसाला मूल काहीच न शिकता आत शिरेल, म्हणून शिकवणं चुकत नाही. वेळेचं नियंत्रण घराघरांत करायचं असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. त्यात मोठ्यांचेही मोबाइल बंद असतात, म्हणून तो नियम मुलांच्या गळी उतरतो.

दुसरीकडे कुठे शिकवतात?

फिनलंडमध्ये वेगळा विषय नाही, २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तो सगळ्या विषयांत विणलेला आहे. केरळमध्ये कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्यांवर वर्ग घेतले, लसीकरणाविरुद्धच्या अफवांनी हैराण होऊन. पुढे हा भाग राज्याच्या शालेय आयसीटी (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) पुस्तकांत आला.

एखाद्या मुलीने सांगितलं की कोणी तिचा फोटो पसरवण्याची धमकी देतंय. वर्गशिक्षकाने काय करायचं?

पहिलं वाक्य: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘फोटो काढलासच कशाला’ हे तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी धमकीच्या मजकुराचे, खात्याच्या नावाचे आणि तारीख-वेळेचे स्क्रीनशॉट घ्यायचे. फोटोचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही. इथे शाळा सर्वांत जास्त चुकतात: ‘पुरावा म्हणून’ तो फोटो शिक्षकाच्या फोनवर, तिथून मुख्याध्यापकांकडे, तिथून शाळा समितीच्या ग्रुपवर जातो. अल्पवयीन मुलाचं असं चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब यांखाली गुन्हा आहे. मूळ फोन पोलिसांना दाखवा, प्रती काढू नका.

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘शाळेची बदनामी नको’ हे कारण तिथे चालत नाही. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांच्या विभागात नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. चित्र ॲपवरून हटवायला १८ खालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात चित्र फोनबाहेर जात नाही, त्याचा अंकी ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून जुळणारं चित्र शोधतात.

पालकांना सांगताना एक अट घालून घ्या: तिचा फोन काढून घ्यायचा नाही आणि शाळा बंद करायची नाही. मुली तक्रार करत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच असतं. धमकी देणाऱ्यापेक्षा घरच्या प्रतिक्रियेची भीती जास्त वाटते, आणि धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पैसे गेले तर?

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवूनच फोन लावा.

शाळेच्या फेसबुक पानावर मुलांचे फोटो टाकावेत का?

पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. ‘प्रवेश अर्जावर सही आहे ना’ हे पुरेसं नाही, फोटो कुठे टाकणार आणि तो काढायला कोणाला सांगायचं हे संमतीपत्रात लिहा. शिष्यवृत्तीच्या फलकाचा फोटो टाकताना नावं, इयत्ता, जन्मतारीख आणि आधार क्रमांक दिसत नाहीत ना ते बघा. बक्षीस समारंभात गणवेशावरच्या नावाच्या पट्ट्याही वाचता येतात. आणि गृहपाठ न केलेल्या मुलांची यादी वर्गाच्या ग्रुपवर टाकत असाल, तर ती आजच काढा. मुलांना ऑनलाइन छळावर तासिका घेणारी बाई आणि ती यादी टाकणारी बाई एकच असेल, तर मुलं तासिका विसरतात, यादी लक्षात ठेवतात.